अपघातानंतरची न्याय्य भरपाई : जखमीचा हक्क आणि गावाची जबाबदारी

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील अधिकारी व कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रस्ता गावात आला म्हणजे त्याच्याबरोबर बाजारपेठ येते, दवाखाना जवळ येतो, मुलामुलींना तालुक्याच्या महाविद्यालयाची वाट मोकळी होते. पण त्याच रस्त्यावरून अपघातही येतो, आणि तो आला म्हणजे एका क्षणात कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो. अपघात कसे टाळावेत याविषयी आपल्याकडे पुष्कळ सांगितले जाते व ते सांगितलेच पाहिजे. परंतु अपघात घडून गेल्यावर जखमी माणसाचे पुढे काय होते, त्याला त्याच्या नुकसानीची भरपाई मिळते काय, आणि मिळालीच तर ती न्याय्य असते काय, या प्रश्नांकडे त्या मानाने फारच थोडे लक्ष जाते. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

हा विषय केवळ वकिलांचा किंवा न्यायालयाचा नव्हे. जखमीचे नातेवाईक सर्वप्रथम ज्यांच्याकडे धाव घेतात ते गावातील सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, ग्रामसेवक अथवा तलाठी असतात. वाहनमालकाची माणसे तडजोडीचा निरोप घेऊन येतात तीही बहुधा यांच्याच ओसरीवर. तेव्हा त्या वेळी या मंडळींनी दिलेला सल्ला योग्य असेल तर एक कुटुंब सावरते. तो अपुऱ्या माहितीवर दिलेला असेल तर त्याच कुटुंबाचे वीस वर्षांचे नुकसान होते.

मेहेरबानी नव्हे, हक्क

मोटार वाहनाच्या मालकाने तृतीय पक्षाच्या जोखमीचा विमा उतरविला पाहिजे ही सक्ती आपल्या देशात नवी नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातच ती होती. अपघाताच्या भरपाईसाठी सामान्य दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालावे लागू नयेत म्हणून १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय करण्यात आली. १९८२ मध्ये आणखी एक महत्त्वाचे पाऊल पडले. चूक कोणाची हे सिद्ध होण्यापूर्वीच काही किमान रक्कम देण्याचे तत्त्व कायद्याने मान्य केले. त्या वेळी ही रक्कम मृत्यूसाठी १५,००० रुपये व कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये होती. पुढे १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, आणि २०१९ मध्ये त्यात झालेल्या व्यापक दुरुस्तीतील भरपाईविषयक तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या.

हा इतिहास थोडक्यात सांगण्याचे कारण असे की, भरपाई म्हणजे वाहनमालकाने दाखविलेली दया किंवा विमा कंपनीने केलेला उपकार नव्हे. मालकाने वर्षानुवर्षे जो हप्ता भरलेला असतो, तो याच प्रसंगासाठी असतो. 'गरीब ड्रायव्हर आहे, त्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा' असे म्हणून अनेक कुटुंबे दावाच करीत नाहीत. वाहनाचा विमा वैध असेल तर भरपाईची रक्कम सामान्यतः विमा कंपनी देते, चालकाच्या घरातून ती जात नाही, एवढी एक गोष्ट गावोगाव समजली तरी बरेच काम होईल.

अंथरुणाशेजारची तडजोड

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. बत्तीस वर्षांचा एक सुतार आहे. महिन्याला सरासरी १५,००० रुपये मिळवितो. सायकलवरून घरी येताना मागून येणाऱ्या मोटारीची धडक बसते, मांडीचे हाड मोडते, गुडघा निकामी होतो. शस्त्रक्रिया, औषधे व रुग्णालय यांचे बिल १,८०,००० रुपये होते. सहा महिने काम बंद राहते. तिसऱ्या आठवड्यात मोटारमालकाकडून निरोप येतो : "झाले ते झाले. तीन लाख रुपये रोख देतो, कागदावर सही करा, कोर्टकचेरीच्या भानगडीत पडू नका." घरात पैशाची चणचण असते, सावकाराचे तोंड पाहावे लागत असते, आणि तीन लाख ही रक्कम त्या क्षणी डोंगराएवढी वाटते. गावातील जाणती मंडळीही 'मिटवून टाका' असेच सांगतात.

आता हिशेब करून पाहू. उपचाराचा खर्च १,८०,००० व सहा महिन्यांचे बुडालेले उत्पन्न ९०,००० मिळून २,७०,००० रुपये होतात. म्हणजे त्या तीन लाखांत आजवर झालेला खर्च जेमतेम निघतो. पुढील आयुष्यात त्याला खाली बसून रंधा मारता येणार नाही, शिडीवर चढून छपराचे काम करता येणार नाही, त्याची किंमत त्या रकमेत जवळजवळ शून्य धरलेली असते. अपघातातील जखमीचे खरे नुकसान नेमके तेथेच असते.

न्यायाधिकरणाचा हिशेब

न्यायाधिकरण हा हिशेब कसा करते? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात त्याची स्पष्ट रूपरेषा घालून दिली आहे. त्यानुसार जखमीच्या दाव्यात पुढील बाबींचा विचार होतो : उपचार, औषधे, वाहतूक व पौष्टिक आहार यांवरील खर्च, उपचाराच्या काळात बुडालेले उत्पन्न, कायमच्या अपंगत्वामुळे भावी उत्पन्नात होणारी घट, पुढे लागणारा वैद्यकीय खर्च, सोसलेल्या वेदना व मनस्ताप, जीवनातील सुखास मुकणे, आणि आयुर्मान घटणे. किरकोळ दुखापतीत पहिल्या दोन व वेदनेच्या बाबीवर सामान्यतः भागते. गंभीर दुखापतीत, वैद्यकीय पुरावा असेल तर, उरलेल्या बाबीही लागू होतात.

यांतील सर्वांत मोठा आकडा भावी उत्पन्नातील घटीचा असतो. तो काढताना वयानुसार एक गुणक वापरतात. २००९ मधील सरला वर्मा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या गुणकांचा तक्ता निश्चित केला. १५ ते २५ वर्षे वयासाठी १८, २६ ते ३० साठी १७, ३१ ते ३५ साठी १६, ३६ ते ४० साठी १५, ४१ ते ४५ साठी १४, ४६ ते ५० साठी १३, ५१ ते ५५ साठी ११, ५६ ते ६० साठी ९, ६१ ते ६५ साठी ७ आणि त्यापुढे ५ असे ते गुणक आहेत. माणसाचे उत्पन्न वयाबरोबर वाढत जाते हे लक्षात घेऊन २०१७ मध्ये प्रणय सेठी यांच्या प्रकरणात घटनापीठाने त्यात भावी वाढही मिळविण्यास सांगितले. स्वयंरोजगार करणाऱ्या किंवा ठरावीक वेतनावरील व्यक्तीसाठी चाळीस वर्षांखाली ४० टक्के, चाळीस ते पन्नास या वयात २५ टक्के व पन्नास ते साठ या वयात १० टक्के असे हे प्रमाण आहे. ही वाढ मृत्यूप्रमाणेच जखमींच्या दाव्यातही धरली पाहिजे, हे २०२० च्या निर्णयाने स्पष्ट झाले आहे.

आपल्या सुताराचा हिशेब या पद्धतीने मांडू. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये. त्यात ४० टक्के वाढ मिळविली म्हणजे २,५२,००० रुपये होतात. त्याची कमाईची शक्ती ४० टक्क्यांनी घटली असे न्यायाधिकरणाने ठरविले, तर वार्षिक नुकसान १,००,८०० रुपये होते. यास बत्तीस वर्षे वयाच्या १६ या गुणकाने गुणले म्हणजे १६,१२,८०० रुपये येतात. त्यात उपचार खर्च १,८०,०००, बुडालेले उत्पन्न ९०,०००, आणि वाहतूक, आहार व शुश्रूषा यांचे ४०,००० धरले तर बेरीज १९,२२,८०० रुपये होते. वेदना व सुखास मुकणे यांची रक्कम याहून वेगळी, आणि न्यायाधिकरण देईल ते व्याजही वेगळे. प्रत्येक दाव्यात असाच आकडा निघेल असे नव्हे. उत्पन्न, अपंगत्व व चूक यांचा पुरावा जसा असेल तसा तो कमीजास्त होतो. परंतु तीन लाख आणि एकोणीस लाख यांतील अंतर डोळ्यांसमोर असल्यावाचून कोणीही 'मिटवून टाका' असे सांगू नये.

टक्केवारीचे रहस्य

अपंगत्वाच्या टक्केवारीविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. दाखल्यावर पायाचे ४५ टक्के अपंगत्व लिहिले असेल तर ते त्या अवयवाचे असते, संपूर्ण शरीराचे नव्हे. आणि संपूर्ण शरीराचे अपंगत्व म्हणजेही कमाईच्या शक्तीतील घट नव्हे. राजकुमार प्रकरणात न्यायालयाने दिलेले उदाहरण मार्मिक आहे. डावा हात तोडावा लागला तर शारीरिक अपंगत्व सुमारे ६० टक्के धरले जाईल. पण जखमी व्यक्ती चालक अथवा सुतार असेल तर तिची कमाई जवळजवळ पूर्णपणे थांबते, आणि सरकारी कचेरीतील लिपिक असेल तर कदाचित नोकरी टिकूनही राहते. म्हणून माणूस अपघातापूर्वी काय काम करीत होता, आता काय करू शकतो, आणि दुसरे कोणते काम त्याला झेपेल, या तिन्ही गोष्टी न्यायाधिकरणापुढे आल्या पाहिजेत. शक्य तेथे उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्षही व्हावी. केवळ दाखला जोडून भागत नाही.

गृहिणीच्या बाबतीत तर 'ती कुठे कमावत होती' असे विचारण्याची आपल्याकडे सवय आहे. न्यायालयांनी हा दृष्टिकोन कधीच सोडला आहे. २००१ मधील लता वाधवा प्रकरणात गृहिणीच्या सेवेचे मूल्य पैशात धरले गेले, आणि जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घरकामाचे आर्थिक मोल ठामपणे मान्य करून गृहिणीसाठी कल्पित उत्पन्न व त्यात भावी वाढ धरण्याचे समर्थन केले. पहाटे पाणी भरण्यापासून गोठा, स्वयंपाक व शेतावरची खुरपणी येथवर राबणाऱ्या स्त्रीचा हात मोडला, तर त्या घराचे नुकसान होत नाही असे कोण म्हणेल?

पहिले दोन दिवस आणि पुढचे नव्वद

भरपाईचा पाया अपघाताच्या जागेवरच घातला जातो. सर्वप्रथम अर्थातच जखमीचा जीव. रुग्णवाहिकेसाठी १०८ व पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्यास पोलीस छळतील ही भीती आजही आढळते. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने अशा परोपकारी व्यक्तीस कायद्याचे संरक्षण दिले असून साक्षीदार होण्याची किंवा नाव सांगण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार रस्ता अपघातातील जखमीस नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळण्याची तरतूद झाली आहे.

त्यानंतर पोलिसांत नोंद. '२०२२ चे नियम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीने तपास अधिकाऱ्यावर कालबद्ध जबाबदारी टाकली आहे. प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे गेला पाहिजे. जखमीस त्याच्या हक्कांची माहिती देणारा विहित नमुना देणे हेही तपास अधिकाऱ्याचे काम आहे. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना निर्देश दिले. पोलिसांकडून आलेला हा अहवालच न्यायाधिकरण दाव्याचा अर्ज म्हणून हाताळू शकते, ही नव्या कायद्यातील मोठी सोय आहे.

परंतु या सोयीवर विसंबून स्वस्थ बसणे धोक्याचे ठरेल. २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत केला पाहिजे अशी मुदत घातली. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. तथापि सुज्ञ माणसाने मुदतीच्या वादात न पडता सहा महिन्यांच्या आतच अर्ज करावा. अर्ज अपघात जेथे झाला तेथील, अथवा अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील, अथवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे करता येतो. मुंबईजवळ अपघातात सापडलेल्या लातूरच्या मजुराने दाव्यासाठी मुंबईस खेपा घालण्याचे कारण नाही.

दोन वाटा, एक सावधगिरी

कायद्याने भरपाईच्या दोन वाटा ठेवल्या आहेत. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता ठरावीक रक्कम मिळते : मृत्यू झाल्यास पाच लाख रुपये व जबर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये. हाड मोडणे ही जबर दुखापतच समजली जाते. दुसरी वाट कलम १६६ ची. तेथे चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण भरपाई प्रत्यक्ष नुकसानीच्या प्रमाणात मिळते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. कलम १६४ ची ठरावीक रक्कम विहित पद्धतीने स्वीकारली की कलम १६६ खालील दावा संपुष्टात येतो. दुखापत लवकर भरून येणारी असेल, किंवा चूक सिद्ध करणे अवघड असेल, तर ठरावीक रकमेची वाट सोयीची आहे. कायमचे अपंगत्व आले असेल तर मात्र हिशेब केल्यावाचून अडीच लाखांवर सही करू नये.

निष्काळजीपणा सिद्ध करावयाचा म्हणजे फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागतो असे नाही. न्यायाधिकरण घटना कशी घडली असण्याचा अधिक संभव आहे, एवढेच पाहते. त्यामुळे फौजदारी न्यायालयात चालक सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही. जखमीचीही काही चूक असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. परंतु त्याच्या चुकीचा अपघाताशी किंवा दुखापतीशी संबंध दिसला पाहिजे. मोटारसायकलवर तिघे बसले होते एवढ्याच कारणाने मागे बसलेल्याची भरपाई कापता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे.

तडजोड वाईट नाही, घाई वाईट

याचा अर्थ तडजोड करूच नये असा नाही. कायदाच तडजोडीस उत्तेजन देतो. विमा कंपनीने यासाठी एक अधिकारी नेमून दावेदारास विहित रीतीने तीस दिवसांच्या आत देऊ करावयाची रक्कम कळविली पाहिजे, आणि हा प्रस्ताव न्यायाधिकरणासमोर मांडला गेला पाहिजे, असे कलम १४९ सांगते. दावेदाराने तो स्वीकारला तर न्यायाधिकरण तशी नोंद करते व त्यानंतर तीस दिवसांत पैसे मिळावयास हवेत. प्रस्ताव अपुरा वाटला तर तो नाकारून सुनावणी मागता येते. लोकअदालतीतही असे दावे मोठ्या संख्येने मिटतात. तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणूनच तेथे बसण्यापूर्वी आपला हिशेब आपल्याजवळ असला पाहिजे.

ओसरीवर लिहिलेला मुद्रांकाचा कागद मात्र या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही. त्यात बहुधा 'अपघात माझ्याच चुकीने झाला' किंवा 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' अशी वाक्ये घातलेली असतात, आणि पुढे तीच जखमीच्या अंगावर येतात. न वाचता, न समजता कोणीही सही अगर अंगठा करू नये. सरपंचाने किंवा शिक्षकानेही अशा कागदावर साक्षीदार म्हणून सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

तडजोड केव्हा करावी, याची कसोटी साधी आहे. उपचार संपून प्रकृती स्थिर झाली आहे काय? अपंगत्वाचा दाखला हाती आहे काय? पुढे शस्त्रक्रिया लागणार असेल तर तिच्या खर्चाचा अंदाज डॉक्टरांकडून घेतला आहे काय? गुणकाचा हिशेब करून पाहिला आहे काय? या चारही प्रश्नांना होकारार्थी उत्तर असेल, आणि देऊ केलेली रक्कम हिशेबाच्या जवळपास असेल, तर काही वर्षे वाट पाहण्यापेक्षा तडजोड श्रेयस्कर.

कागद जपणारा जिंकतो

पुष्कळ दावे खरे असूनही कागदाअभावी लंगडे पडतात. प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, जखमेचा दाखला, रुग्णालयातून सुटीच्या वेळी मिळालेला कागद, क्ष-किरण चित्रे, औषधांची प्रत्येक पावती, रिक्षा वा जीपच्या भाड्याची नोंद, हे सर्व पहिल्या दिवसापासून एका पिशवीत राहिले पाहिजे. वाहनाचा नोंदणी क्रमांक, विम्याचा कागद व चालकाचा परवाना यांच्या प्रती पोलिसांकडून मिळवाव्यात.

उत्पन्नाचा पुरावा हा ग्रामीण भागातील सर्वांत कच्चा दुवा. पगारपत्रक नसले तरी पुरावा नसतो असे नाही. दूध संस्थेचे बिल, साखर कारखान्याच्या उसाच्या पावत्या, बाजार समितीची पट्टी, सात-बारा उतारा, रोजगार हमीचे हजेरीपत्रक, मुकादमाची वही, बँकेचे पासबुक, ज्यांच्याकडे काम केले त्यांची साक्ष, यांतून कष्टकऱ्याचे उत्पन्न उभे करता येते.

वयाचा पुरावा शाळेत असतो. गुणक वयावर ठरत असल्याने एका वर्षाच्या फरकानेही हजारो रुपयांचा फरक पडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात दाव्यात आधार कार्डावरील जन्मतारखेऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. मुख्याध्यापकांच्या कपाटातील जुन्या जनरल रजिस्टरचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

काही अवघड प्रसंग

धडक देऊन वाहन पळून गेले व त्याचा थांग लागला नाही, तर २०२२ च्या योजनेखाली मृत्यूसाठी दोन लाख रुपये व जबर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर महसूल उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे अथवा तहसीलदाराकडे करावयाचा असतो, आणि मंजुरीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. चौकशीचा अहवाल एक महिन्यात व मंजुरीचा आदेश त्यानंतर पंधरा दिवसांत व्हावा अशी योजनेची अपेक्षा आहे. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी अशा जखमींना या योजनेची माहिती दिलीच पाहिजे असे बजावले. महसूल खात्यातील अधिकाऱ्यांनी या कामाकडे आपले काम म्हणून पाहिले पाहिजे.

वाहनाचा विमाच नसेल तर भरपाईची जबाबदारी मालकावर पडते, आणि मालकाने पुरेशी तारण दिल्याशिवाय असे वाहन सोडता येत नाही. जखमीच्या बाजूने याकडे वेळीच लक्ष वेधले गेले पाहिजे.

मालवाहू टेम्पोतून वऱ्हाड नेणे किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मजूर बसविणे ही आपल्याकडची नित्याची गोष्ट. मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांची जोखीम सामान्यतः विमा कंपनीवर येत नाही, हे २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापासून स्पष्ट आहे. असा अपघात झाला म्हणजे दावा उरतो तो मालकापुरता, आणि मालकाजवळ काही नसले तर निवाड्याचा कागद भिंतीवर टांगण्यापुरता. लग्नसराईच्या व ऊसतोडीच्या आधी ग्रामसभेत ही एक गोष्ट सांगितली गेली, तर ते सर्वांत स्वस्त संरक्षण ठरेल.

कामावर असताना वाहन अपघात झाला तर कामगारास कामगार भरपाईच्या कायद्याखाली किंवा मोटार वाहन कायद्याखाली दावा करता येतो. दोन्हींखाली मात्र नाही. कोणती वाट अधिक लाभाची, हे आधी पाहून घ्यावे.

दलाल दूर, विधी सेवा जवळ

रुग्णालयाच्या दारात 'सगळे मी करतो, निम्मे तुमचे निम्मे माझे' असे सांगणारे मध्यस्थ भेटतात. भरपाईच्या रकमेत वाटा ठरवून फी घेणे वकिलांच्या व्यवसायाच्या नियमांतच निषिद्ध आहे, मग दलालाची गोष्ट दूरच. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व तालुक्यात विधी सेवा समिती आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, तसेच उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे नागरिक यांना तेथे विनामूल्य वकील मिळतो. दाव्यात मागितलेल्या रकमेपेक्षा न्याय्य भरपाई अधिक होत असेल तर तीही न्यायाधिकरण देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या नागप्पा प्रकरणात सांगितले आहे. कायद्यातील शब्दच 'न्याय्य भरपाई' असा आहे. त्याचा अर्थ घबाड नव्हे, आणि भीकही नव्हे.

पैसे हाती आल्यावरचा टप्पाही जपण्यासारखा आहे. अज्ञान मुलांचा वाटा व मोठ्या रकमेचा काही भाग मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश न्यायाधिकरणे देतात, तो अडवणुकीसाठी नव्हे. पाय गमावलेल्या माणसाचा पैसा वर्षभरात उधारउसनवारीत जाऊ नये, यासाठी ती काळजी असते. विधवेला किंवा अपंगाला बँकेत सोबत करणे, ठेवीची पावती नीट ठेवण्यास सांगणे, एवढी मदत शेजारधर्मातही बसते.

गावाने काय करावे

या सर्व विवेचनाचा गोषवारा मोजक्या शब्दांत सांगता येईल. ग्रामपंचायतीने विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता, १०८ व ११२ हे क्रमांक आणि 'सहा महिने' ही मुदत आपल्या फलकावर ठळक लिहावी. पंच म्हणून पाचारण झाले तर पदाधिकाऱ्यांनी टाळाटाळ न करता जावे, रस्त्याची रुंदी, चाकांच्या खुणा व वाहनांची स्थिती पंचनाम्यात नीट उतरली की नाही ते पाहूनच सही करावी. शिक्षकांनी वयाचा दाखला अडवून ठेवू नये, आणि ज्यांना कायद्याची भाषा कळत नाही त्यांना नोटीस वाचून दाखवावी. तलाठी व ग्रामसेवक यांनी उतारे व दाखले तत्परतेने द्यावेत. पोलीस पाटलांनी नव्वद दिवसांच्या अहवालाची आठवण जखमीच्या वतीने ठेवावी.

अपघाताने गेलेला पाय कोणतेही न्यायाधिकरण परत देऊ शकत नाही. परंतु त्या पायावर उभे असलेले घर कोसळू न देणे कायद्याच्या आवाक्यात आहे. कायदा आपणहून कोणाच्या दारी जात नाही. त्याला जखमीच्या अंथरुणापर्यंत नेणारे कोणीतरी लागते, आणि येथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाला ते काम करता येण्यासारखे आहे. ते वेळेत करावे, एवढीच अपेक्षा.